अगत्तीची कासवं आणि इक्कांची तक्रार

परवा फोनमधली जागा संपली म्हणून जुने व्हिडिओ उडवत बसले होते, तर त्यात अगत्ती निघालं. दोन मिनिटं नुसतं एक कासव गवत खातंय, बाकी काही नाही. डिलीट करवेना, म्हटलं लिहूनच टाकू.

अगत्ती म्हणजे लक्षद्वीप. कोचीहून छोटं विमान जातं आणि उतरताना खिडकीतून बेट दिसतं ते एवढंसं, साडेसात किलोमीटर लांब असेल, रुंदी मात्र कुठेच धड एक किलोमीटर नाही. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटं फक्त १०. (परमिटची रडकथा परत कधीतरी.)

आता माझं कासवप्रेम कोकणातल्या वेळासचं. कॉलेजात असताना भल्या पहाटे तिथल्या किनाऱ्यावर टोपली उचलल्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघालेली बघितली आणि चक्क रडले होते. तेव्हापासून कासव म्हणजे चांगलं, जास्त कासवं म्हणजे जास्त चांगलं, विषय संपला.

तर पहिल्याच दिवशी लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि बाहेरचा प्रवाळाचा कडा यांच्यामधल्या उथळ पाण्यात उतरले, पाणी कमरेएवढं, मास्क लावून मान खाली घातली तर समोर, खोटं नाही सांगत, टीपॉयएवढं कासव! हे ग्रीन टर्टल, नावात ग्रीन असलं तरी पाठ तपकिरीच, हिरवी असते ती आतली चरबी. मोठं झालं की शंभर किलोच्या वर जातं आणि खातं काय, तर समुद्राच्या तळाला उगवणारं गवत. मान तिरकी करून एक घास, तोंडाच्या कडेने वाळूचा धूर, की पुढचा घास. शेळीच! मी वर येऊन ओरडले, इक्का, कासव! बोटवाल्या काकांना सगळे इक्का म्हणायचे म्हणून मीपण. ते दोरी गुंडाळत होते, मानसुद्धा वर केली नाही. "हां, चोर है."

मला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम लगूनच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि म्हणाले खाली बघ. तळाला गवताचे नुसते खुंट, पेराएवढे, न्हाव्याने मशीन फिरवावं तसे. लहानपणी इथे चालताना पायाला गुदगुल्या व्हायच्या म्हणे, आणि त्या गवतात माशांची पिल्लं लपायची.

पूर्वी बेटावर कासवं मारायचे, त्यांचं तेल होड्यांना चोपडायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, मारणं थांबलं. पुढे २००० नंतरच्या वर्षांत अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची इतकी गर्दी झाली की अभ्यासकांनी गवताच्या छोट्या तुकड्यांना जाळीचं कुंपण घालून बघितलं, तर आतलं गवत उंच वाढलं आणि बाहेरचं तासलेलंच राहिलं. गवत गेलं तसे त्यातले मासेही कमी झाले. म्हणजे इक्का काही मनाचं बोलत नव्हते. आणि इथलं कुरण संपल्यावर कासवं गेली शेजारच्या बेटांच्या लगूनमध्ये, तिकडेही तेच.

यात मला खटकतं ते हे की आपण लांबून या लोकांना कासवांचे दुश्मन ठरवून मोकळे होतो. अहो, हे ट्युना पकडतात ते गळाने, एकेक! लगूनमधून बारीक जिवंत मासे टाकीत भरून न्यायचे, बाहेर समुद्रात मूठमूठ फेकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे, ट्युना खवळून वर आला की काठीच्या हिसक्याने थेट बोटीत, गळाला उलटा काटासुद्धा नसतो. इतकी सभ्य मासेमारी मी तरी कोकणात बघितलेली नाही.

बाहेरच्या रीफवर, त्या प्रवाळाच्या कड्यावर, मात्र बोलायलाच नको. १९९८, २०१०, २०१६ आणि मग २०२४, चार वेळा पाणी इतकं तापलं की कोरल, म्हणजे प्रवाळ, पांढरं पडलं. मला फांद्यांसारखं कोरल दिसलं ते मेलेलं, वर शेवाळाची मळकट लव. मी तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबले नाही. एवढ्या लांबच्या बेटावर कारखाना नाही की काही नाही, तरी हे.

निघायच्या दिवशी जेट्टीवर इक्का म्हणाले, एवढी आवडतात तर चार घेऊन जा तुमच्या गावाला. मी म्हटलं आमच्याकडे आहेत की, वेळासला येतात, पण ती खेकडे, जेलीफिश असलं खातात, गवत नाही.

इक्कांनी जरा विचार केला. "फिर तो बदल लेते हैं."