कापलेल्या जाळ्याच्या भरपाईचा अर्ज: माझा अनुभव

जानेवारीत पहाटे साडेपाचला बाबांचा फोन आला. बोट समुद्रात असताना फोन वाजला की घरात सगळ्यांच्याच छातीत धस्स होतं. पलीकडून इंजिनाचा आवाज आणि त्यात बाबा ओरडून बोलत होते, "बाय, जाल्यात कासव लागलाय. मोठा हाय. कापताव. तू त्या दिवशी फोटू काढायला सांगितलंस, तो कसा काढायचा?"

आधी कासव जाळ्यात दिसेल असा, मग कापताना, मग पाण्यात सोडताना, असं मी सांगितलं आणि रेंज गेली.

ज्यांच्या घरी बोट आहे त्यांना जाळं कापणं म्हणजे काय ते माहीत असतं. सुरमईचं जाळं घरातल्या दागिन्यासारखं जपतात. फाटलं तर दिवसदिवस ओट्यावर बसून तुणतात. पण समुद्री कासव हवेत श्वास घेतं. पाण्याखाली जाळ्यात गुंतून वर येता आलं नाही तर ते चक्क बुडून मरतं. अशा वेळी गाठी सोडवत बसायला वेळ नसतो. आमच्याकडची जुनी माणसं पूर्वीपासूनच कासव दिसलं की हात जोडून सोडून देतात, कारण देवळात शिरतानाच आपण कासवाला नमस्कार करून पुढे जातो. पण हातावर पोट असलेल्या माणसाने दरवेळी हजारोंचं जाळं स्वतःच्या खिशातून कापावं, अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

म्हणूनच कापलेल्या जाळ्याची भरपाई देणारी सरकारी योजना मला मनापासून पटते. वनविभागाचा कांदळवन कक्ष (खारफुटीची जंगलं सांभाळणारा विभाग) आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी डिसेंबर २०१८ मध्ये ती सुरू केली. समुद्री कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा कायद्याने संरक्षण दिलेला जीव जाळं कापून जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ते बक्षीस नसतं, जाळ्याचे पैसे असतात. बाबांना हा फरक फार महत्त्वाचा वाटला. "कासव सोडल्याचे पैसे मी घेणार नाय," असं ते आधी म्हणत होते. जाळ्याचे आहेत म्हटल्यावर सहीला तयार झाले.

दुपारी बोट बंदरात लागली आणि खलाशाच्या मोबाईलवरचा व्हिडिओ मी पाहिला. जेमतेम ५० सेकंदांचा असेल. ऑलिव्ह रिडले मादी होती. पाठीवर शंखासारखी खडबडीत बारनॅकल्स, म्हणजे कवचाचे बारीक समुद्री जीव, चिकटलेली. पुढच्या उजव्या वल्ह्यासारख्या पायावर नायलॉनचे तीन-चार वेढे इतके आवळले होते, की खालची कातडी पांढरी पडली होती. बाबांनी सुरीचं पातं उलटं धरून, धार स्वतःच्या बोटांकडे ठेवून, एकेक वेढा आतून बाहेर कापला. मध्ये ती एकदा जोरात फुसकारली. "थांब बाय, थांब," असं बाबा तिला म्हणताना ऐकू येतं. मलाही ते बायच म्हणतात. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही.

ती जोमात होती म्हणून लगेच सोडली. कासव निपचित असेल तर मात्र मेलं समजून पाण्यात टाकायचं नाही. ते पोटावरच ठेवून मागची बाजू वीतभर उंच करायची, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येतं. सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवून वाट पाहायची. काही तासांनीही शुद्धीवर येतं. जखमी असेल तर वनविभागाला कळवायचं. उपचारांसाठी डहाणूला केंद्र आहे, ऐरोलीलाही सोय आहे. हे सगळं आम्हाला गावात झालेल्या एका प्रशिक्षणात कळलं होतं. अशी प्रशिक्षणं घेणाऱ्यांचं काम बाहेरून दिसत नाही, पण त्या पहाटे बाबांनी फोन केला तो त्यामुळेच.

आता अर्जाचं सांगते. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, आधार, बँक पासबुक, फोटो आणि व्हिडिओ असं सगळं जोडलं. अडलं ते फोटोंपाशीच. कासव दिसत होतं, जाळं दिसत होतं, पण बोट कोणाची ते कुठेच दिसत नव्हतं! नंबर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला आणि आमचे फोटो सगळे मागच्या बाजूचे. चूक माझी होती, फोनवर मी तेवढंच सांगायला विसरले होते. अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी नीट समजावलं. मग कापलेलं जाळं बोटीच्या नंबराशेजारी पसरून पुन्हा फोटो काढले, किती भाग गेला ते मोजून लिहिलं आणि दोन्ही खलाशांचे जबाब सहीनिशी जोडले. नशीब की आईने ते जाळं तुणायला घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर पुरावाच गेला असता.

प्रकरण मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा उन्हाळा लागला होता. पण पैसे येईनात. दोन आठवड्यांनी समजलं, की रक्कम परत गेलीय. आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि पासबुकावर जुनाच आयएफएससी कोड होता. शाखेत गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर. बाबा चपला काढून बाकावर बसून राहिले. समुद्रात कुणाच्या बापाला न भिणारा माणूस तिथे अंग चोरून बसलेला पाहून मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या खेपेला नवं पासबुक मिळालं, दुरुस्तीचं पत्र दिलं आणि जूनची मासेमारी बंदी सुरू व्हायच्या चार दिवस आधी साडेअकरा हजार जमा झाले. जाळ्याचं नुकसान त्याहून जास्त होतं. तरी त्यातून सूत आलं, जाळं तरंगत ठेवणारे बोये आले आणि बंदीच्या काळात जाळं उभं राहिलं.

आता बंदरावरची माणसं अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. मी प्रत्येकाला आधी एकच सांगते: पहिला फोटो नाळेवरच्या नंबराचा. कासवाला वेळ नसतो हे खरं, पण नंबर टिपायला दोन सेकंद पुरतात. दुसरं म्हणजे फाटलेलं जाळं पाहणी होईपर्यंत तसंच ठेवा. आणि बँकेचा कोड आधी तपासून घ्या.

आमच्या उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव आहे. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ मध्ये समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी तिथे आली आणि त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. तेव्हा घरटी सर्रास उकरली जायची. आज तिथलेच गावकरी पहाटे किनारा फिरून अंडी कुंपणात आणून जपतात. पण ती अंडी घालायला येणारी मादी आधी आमच्या जाळ्यांमधून वाट काढत येते. गुहागरला २०२३ मध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. वाटेत तिने किती जाळी चुकवली असतील, हा विचार आमच्याकडे आता बाबाही करतात.

या फेब्रुवारीत पुन्हा एक कासव लागलं. या वेळी फोन आला नाही, थेट व्हिडिओ आला. आधी नाळेवरचा नंबर, अगदी सावकाश, एकेक अक्षर. मग जाळं. मग सुरी. शेवटी पाण्यावर एक गोल तरंग, आणि बाबांचा आवाज, "जा बाय, जा."