कैसरिया: नेपल्सच्या राखेवर उभं राहिलेलं बंदर

इस्रायलमधल्या कैसरियाला दक्षिणेच्या फाटकातून आत शिरावं. आधी नाट्यगृह, मग समुद्रात घुसलेल्या खडकावरचा राजवाडा, रथशर्यतींचं मैदान आणि शेवटी बंदर, असा क्रम लागतो. सावली फारशी नाही, उन्हाळ्यात सकाळीच जावं.

हे शहर आणि बंदर बांधलं हेरोद राजाने. इ. स. पू. 40 मध्ये रोमच्या सिनेटने त्याला यहूदीयाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या प्रदेशाचा, राजा ठरवलं, पण जेरुसलेम दुसऱ्याच्याच हातात होतं. ते घ्यायला 37 साल उजाडलं, तेही रोमन पलटणींच्या जोरावर. त्याचा पाठीराखा, रोमन सेनापती अँटनी, 31 मध्ये ॲक्टियमच्या लढाईत ऑक्टेव्हियनकडून, म्हणजे पुढच्या ऑगस्टस सीझरकडून, हरला. पुढच्याच वर्षी हेरोद ऱ्होड्सला ऑक्टेव्हियनसमोर मुकुट उतरवून उभा राहिला. मी कोणाचा मित्र होतो ते नको, कसा मित्र होतो ते पाहा, असा त्याचा युक्तिवाद. राज्य तर टिकलंच, वर हा किनाराही बक्षीस मिळाला. शहराला सीझरचं नाव का, ते इथे कळतं.

बंदरापाशी मात्र घाई करू नका. इथे नैसर्गिक खाडी नाही, म्हणून लाटा अडवणारे बांध उघड्या समुद्रात घालावे लागले. लाकडी पेट्या तरंगत नेऊन जागेवर बुडवल्या आणि चुना, दगडाचे तुकडे व ज्वालामुखीची राख यांचं काँक्रीट त्यांत भरलं. एका पेटीचं माप जवळजवळ 15 बाय 11.5 मीटर. ही राख पाण्याखालीही घट्ट बसते, पण ती यायची थेट नेपल्सच्या आखातातून. मांडलिकाचं काँक्रीटसुद्धा रोमवर अवलंबून! घात केला तो तळाने. वाळूवर टेकलेले बांध खचत गेले, त्यामुळे आज बरंचसं बंदर पाण्याखाली आहे. ते पाहायला डायव्हिंग करावं लागतं.

किनाऱ्यावरूनही एक गोष्ट दिसते. बंदरामागच्या उंच चौथऱ्यावर रोमा देवी आणि ऑगस्टस यांचं मंदिर होतं. शहराचे रस्ते एका दिशेने आखलेले, मंदिर मात्र त्यांना तिरकं, बंदराकडे तोंड करून. जहाजातून येणाऱ्याला राजाच्या आधी मालक दिसावा, असाच हिशेब असणार.

हेरोद इ. स. पू. 4 मध्ये गेला. राज्याची वाटणी ऑगस्टसने मंजूर केली आणि इ. स. 6 मध्ये मुलगा अर्खेलाव याला हटवून यहूदीयावर रोमन सुभेदार बसवला. सुभेदारांचं ठाणं कैसरियालाच. येशूला क्रूसावर चढवायचा हुकूम देणारा सुभेदार पंतय पिलात, त्याच्या नावाचा शिलालेख 1961 मध्ये नाट्यगृहात सापडला, पायरीसाठी पुन्हा वापरलेल्या दगडावर. इथे दिसते ती प्रतिकृती, अस्सल दगड जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे.