बर्लिनचे तीन, लातूरचे साडेसात

"घरून काम करतेस, म्हणजे आरामच की!" लग्नाकार्यात भेटलेल्या बायका हमखास म्हणतात. त्यांना मी माझी संध्याकाळ समजावून सांगते.

मी लातूरला औसा रोडवर राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. टीममधले बाकीचे बर्लिन आणि बॉस्टनला. बॉस्टनवाले सकाळी नऊला लॉगिन करतात तेव्हा बर्लिनला दुपारचे तीन आणि आमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. तिघांना एकत्र बोलायला तेवढीच वेळ. नेमकी तीच वेळ कुकर लावायची, लेकीच्या गृहपाठाची. त्यात नळ रोज येत नाही. आला की सगळं सोडून आधी पाणी भरायचं. सासूबाई सकाळीच विचारून ठेवतात, "आज किती वाजता हाय गं तुझी मिटिंग?" मग भाकरीचं त्या बघतात. त्यांच्या जिवावर माझी नोकरी चालते, हे मी मॅनेजरलाही सांगितलंय.

मार्च आला की खरा घोळ सुरू होतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात ते एक तास पुढं केलं होतं. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं जातं आणि युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे बॉस्टन आणि बर्लिनमधलं अंतर सहाऐवजी पाच तासांचं होतं. आमची मिटिंग बर्लिनच्या तीनला बांधलेली, त्यामुळं त्या दिवसांत बॉस्टनवाल्यांना ती नऊऐवजी दहाला येते आणि मला साडेसातलाच. बर्लिनचंही घड्याळ सरकलं की मला साडेसहा. म्हणून वेळ कुठल्या शहराची ते मिटिंगच्या नावातच लिहायचं, असं मी टीमला लावून धरलं. 'ईएसटी' (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळ्यातली वेळ) लिहून भागत नाही, कारण उन्हाळ्यात बॉस्टन ईएसटीवर नसतंच.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. वेळेतला फरक कुणाच्या हातात नाही, तो सोसायचा कुणी हे मात्र हातात आहे. बऱ्याच टीममध्ये तो कायम भारतातल्या माणसानंच सोसायचा, असं न बोलता ठरलेलं असतं. मी ते बोलून दाखवलं. आता एक महिना आमची संध्याकाळ आणि पुढचा महिना बॉस्टनची पहाट. ते सकाळी सातला बसतात, तेव्हा हिवाळ्यात आमचे साडेपाच वाजलेले असतात. त्या महिन्यात माझी लेक माझ्याजवळ बसून जेवते. याचं मोल मला कुठल्याही बोनसपेक्षा जास्त आहे.

दुसरं म्हणजे लिहिणं. लातूरच्या सकाळी दहाला मी प्रश्न विचारला, तर हिवाळ्यात बॉस्टनला रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. उत्तर संध्याकाळी येणार, म्हणजे अर्धवट प्रश्नानं अख्खा दिवस जातो. म्हणून बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, टाकताना मी बिल्ड (सॉफ्टवेअरची आवृत्ती) कोणता, काय काय दाबलं, काय दिसलं, काय करून बघितलं हे सगळं लिहिते, स्क्रीनशॉट जोडते. खाली एक ओळ कायम असते: 'तुमचं उत्तर आलं नाही, तर उद्या सकाळी मी जुन्या बिल्डवर हेच तपासते.' त्यामुळं कुणाचं काम अडत नाही. लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तरी बॉस्टनवाल्यांना त्यांचा दिवस सुरू करता येतो.

आमच्याकडे उदगीरचा एक मुलगा नवीन लागलाय. फोनवर म्हणाला, "ताई, रात्री दहापर्यंत ऑनलाइन दिसलं नाही तर बरं दिसत नाही ना?" त्याला म्हटलं, बाबा, सकाळी किती वाजता बसलास ते आधी सांग. नऊला बसला होता. त्याच्या कॅलेंडरवर रात्री साडेआठनंतरचा वेळ मी त्याच्याकडूनच बंद करून घेतला.

दिवाळीच्या सुमारास हाच घोळ उलटा होतो: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप मागं येतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका. मधल्या आठवड्यातल्या मिटिंगांची यादी यंदा त्यानं करायची, मी तपासायची, असं ठरलंय.