पाणी घातलंय की, तरी तापालीय!

चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे आज एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. चालक बाटलीनं पाणी ओतत म्हणाला, "पाणी घातलंय की ओ, तरी तापालीय!"

ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण दोष दरवेळी पाण्याचाच नसतो, कधीकधी रेडिएटरच्या (इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) टोपणाचा असतो. ते सुमारे 1 बार (बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) जादा दाब धरतं, म्हणून पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांना उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही. मग चढावर पाणी उकळून बाहेर.

टोपणावरचा आकडा (0.9, 1.1) बघून तेवढ्याच दाबाचं नवं घ्या. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कॉन्सन्ट्रेट असेल तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नकोच, क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बुजतात.

तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी बाजूला. आणि गरम टोपण कधीच उघडू नका, हात भाजतो! अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

तुमच्या गाडीचं टोपण शेवटचं कधी बघितलंत?