आरपीएमचा काटा

२८ मे, रात्र

आज दुपारी अडीचच्या सुमारास नागपुरात छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी बंद पडली. शेजारच्या सीटवर दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्री काका बसलेले. समोर हिरवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पाहिलं असावं. पण बोलले एवढंच, "घाई नका करू ताई. पुन्हा एकदा स्टार्टर मारा, मी काट्याकडं पाहून राहिलो." काटा म्हणजे आरपीएमचा, इंजिन किती वेगानं फिरतंय ते दाखवणारा.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. ज्या गाडीपायी दीड महिना जीव टांगणीला लागला, ती भर चौकात बंद पडली आणि मला आनंद झाला. हे काय आहे?

एप्रिलपासून आज सातवी वेळ. पहिल्यांदा जामठ्याच्या अलीकडे, बुटीबोरीहून परत येताना. गाडी साठच्या वेगात, चौथा गिअर, आणि एकदम आवाजच गेला. धक्का नाही, खरखर नाही. कोणी घरातला मेन स्विच पाडावा तसं. कडेला घेतली, अर्धा तास निंबाच्या सावलीत उभी राहिले, आणि मग पहिल्याच सेल्फला सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

हे "जणू काही झालंच नव्हतं" माझ्या मानगुटीवर बसलं. गॅरेजला न्यावी तर शहाण्या मुलीसारखी चालते. पहिल्या गॅरेजवाल्यानं तीनदा ठेवून घेतली. आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग पेट्रोल पंप. साडेनऊ हजार गेले. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड नाही. आज काकांनी सांगितलं तेव्हा कळलं, बॅटरी बदलायला टर्मिनल काढलं तेव्हाच या जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण पुसली गेली असणार, आणि स्कॅनर त्यानंतर लागला. पण त्या दिवशी त्या माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली होती. नो फॉल्ट. आणि विचारलं, "मॅडम, पेट्रोल होतं ना?"

दादानं विचारलं, क्लच अर्धवट सोडतेस का. दीपानं विचारलं, एसी लावून चढावर नेतेस का. आणि आई... ती तर त्या दिवशी सोबत होती, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधून परतताना, पस्तीस मिनिटं, बाहेर ४५ अंश. डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर बसून राहिली आणि घरी आल्यावर म्हणाली, "तुझ्याच हातात बंद पडते गं. त्याच्या हातात नाही पडत."

खरंच नाही पडत. दादा गाडी नेतो ती सकाळी सहाला स्टेशनवर, नाहीतर रात्री. मी नेते भर दुपारी. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा ते वाक्य नुसतं आत जाऊन बसलं. ते आधीही एकदा, वेगळ्याच गोष्टीबद्दल, याच घरात कोणीतरी म्हटलं होतं. जाऊ दे.

मागच्या आठवड्यात तर गाडी चालवताना मी आपल्याच डाव्या पायाकडे बघत होते. हे लिहिताना आत्ता पोटात कालवतं. सतरा वर्षं गाडी चालवतेय, आणि क्लचवर पाय कसा आहे ते वाकून बघत होते. चार माणसांनी चारदा विचारलं म्हणून.

म्हणून वही केली. तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले, एसी होता की नाही, किती मिनिटांनी परत सुरू झाली, सोबत कोण होतं. चौथ्या वेळेनंतर त्यात एक ओळ आहे: "गाडी गिअरमध्ये, क्लच दाबलेला नाही, चाकं फिरतायत, तरी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर." हे मी दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "इंजिन बंद झाल्यावर काटा पडणारच ना. तू काहून एवढी टेन्शन घेऊन राहिली? भंगारात दे, नवी घेऊ." पण इंजिन फिरत होतं. चाकंच त्याला फिरवत होती. मग काटा खाली का यावा? मला उत्तर येत नव्हतं, पण प्रश्न बरोबर आहे एवढं कळत होतं.

काकांना वही दाखवली तर चष्मा लावून सगळी वाचली. आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काळं, तेलकट बोट, त्याचा ठसा अजून तिथे आहे. म्हणाले, "हे कोणी लिहिलं जी?"

मी म्हटलं, मीच.

"मग अर्धं काम तर तुम्हीच केलं."

या गाडीत आरपीएमचा काटा चालतो क्रँक सेन्सरच्या सिग्नलवर. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, इंजिनासोबत फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातांसमोर बोटभर लांबीचा सेन्सर बसवलेला असतो. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. एकेक दात समोरून जातो तसा तारेत जरासा करंट उठतो, आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की इंजिन फिरतंय, पिस्टन कुठवर आलाय, ठिणगी कधी टाकायची. तो सिग्नल गेला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलंच. ठिणगी बंद, पेट्रोल बंद, पंपही तोच बंद करतो. म्हणून पहिल्या गॅरेजवाल्याला पंपावर संशय आला. पंप बिचारा धडधाकट होता, त्याला हुकूमच मिळत नव्हता.

आणि दुपारीच का? तार आत कुठेतरी तुटलेली असणार. थंड असते तेव्हा टोकाला टोक टेकून काम चालतं. तापलं की प्रसरण पावून टोकं सुटतात. निवलं की पुन्हा टेकतात. त्यात हा नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि गाडी २००४ ची.

पण हे सगळं काकांचं अनुमान होतं. सकाळी गॅरेजमध्ये मीटर लावला तर सेन्सरनं ५६२ ओहम दाखवले. एकदम ठणठणीत. काका म्हणाले, "आत्ता तो खोटं बोलून राहिला. दुपारी दोनला निघू, तापवू त्याला."

निघालो. अजनीहून जामठ्यापर्यंत, एसी लावून. नाही पडली. परत फिरलो. नाही पडली. मी मनातल्या मनात विनवत होते, पड गं बाई, आज तरी पड. विमानतळ मागे गेला आणि माझे हात गार पडले. वाटलं, आता हेही म्हणणार, ताई, गाडीत तर काही नाही. पळत्या गाडीला वारा लागतो, सिग्नलला थांबलं की बॉनेटखाली उष्णता कोंडते, हे काकांना माहीत होतं, मला नव्हतं. ते निवांत खिडकीबाहेर बघत बसलेले.

आणि छत्रपती चौकात ती गेली.

स्टार्टर मारला. इंजिन गरगरलं, पण काटा शून्यावरून केसभरही हलला नाही. "पाहा," काका म्हणाले. रसवंतीवाल्याच्या दोन पोरांनी ढकलून उड्डाणपुलाखाली सावलीत लावून दिली. काकांनी बॉनेट उघडलं, हात आत घातला, मनगट पोळलं तरी काढला नाही. कनेक्टर सोडवून मीटरच्या सुया लावल्या आणि डबा माझ्याकडे वळवला. डावीकडे नुसता १. म्हणजे आत सर्किटच नाही. मग गळ्यातला पांढरा दुपट्टा काढला, माझ्या बाटलीतलं सगळं पाणी त्यावर ओतलं आणि घडी करून सेन्सरवर ठेवला. आम्ही दोघं मीटरकडे बघत उभे. वरून मेट्रो गेली. सहा-सात मिनिटं झाली असतील. १ थरथरला, गेला, आला, आणि मग पुन्हा ओहमचा आकडा.

मी रस्त्यावरूनच दादाला फोन केला. काय ऐकायचं होतं मला? तो म्हणाला, "बरं झालं सापडलं. किती लागतील?" मी म्हटलं, बाराशे-पंधराशे. म्हणाला, "ठीक आहे मग." बस.

संध्याकाळभर त्याचं वाईट वाटत राहिलं. दीड महिन्यात एकदाही कोणी म्हटलं नाही की तू म्हणतेस तर असेल. मीटर म्हणाला तेव्हा सगळ्यांना पटलं. मला सेन्सर सापडल्याचा आनंद झाला नव्हता, साक्षीदार मिळाल्याचा झाला होता. आपल्या गाडीबद्दल, आपल्याच घरात, साक्षीदार लागावा...

जेवताना दादानं ताटातून मान न उचलता विचारलं, "मेडिकलसमोर किती वेळ उभ्या होत्या तुम्ही?"

"पस्तीस मिनिटं."

"आईजवळ पाणी होतं?"

"होतं."

मग तो उठला, कूलरमध्ये चार बादल्या पाणी भरलं, आणि माझ्या गाडीच्या डिक्कीत दोन बाटल्या नि एक जुनं फडकं ठेवून आला. नवा सेन्सर सोमवारी येणार, तोवरची सोय. त्यानं यापलीकडे काही म्हणावं असं मला वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं. पण तो बाटल्या ठेवून आला. त्याच्याकडून हे एवढंच येतं, आणि ते खरं असतं.

वही काढून आजची नोंद केली. २८ मे, दुपारी २:३५, ३१ किलोमीटर, एसी चालू, ७ मिनिटं, ओल्या फडक्यानं. शेवटचा रकाना सोबत कोण. वरच्या सहा ओळींत पाचदा "एकटी" आणि एकदा "आई" लिहिलंय. तिथे "काका" लिहिलं.