राणीचे डोळे

आज राणीला, म्हणजे आमच्या लॅब्राडॉरला, पिल्लं घ्यायच्या आधी नागपूरला नेऊन डोळे तपासून आणले. गावात फाट्यावरच अडवलं, "कुत्रीचे डोये कायले तपासता भाऊ? तिले दिसते न चांगलं!"

दिसतंच. गोम तीच आहे. पीआरए या आनुवंशिक आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू झिजतो. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग दिवसाचं, आणि इलाज नाही. लॅब्राडॉरमध्ये बहुधा 4-6 वर्षांचं होईपर्यंत काही कळत नाही. तोवर पिल्लं हिंगणघाटपर्यंत वाटून झालेली असतात.

डॉक्टरांनी थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत प्रकाश टाकून पडदा पाहिला. एरवी टेबलाखाली शिरणारी बाई आज गुमान उभी. पडदा ठणठणीत! पण दोष लपून असला तर असा दिसत नाही, म्हणून गालाच्या आतून काडी फिरवून डीएनएचा नमुनाही दिला.

आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच पिल्लू आंधळं होतं. दोघंही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले पण स्वतः डोळस, असले तर प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असला तर आंधळं एकही नाही, पण काही वाहक निघू शकतात.

नराच्या मालकाला रिपोर्ट मागितला. काका म्हणाले, "माह्या कुत्र्याचे कागद हायेत न!" कागद वंशावळीचे, काका. डोळ्यांचे नाहीत. तयार झाले एकदाचे, पण तपासणीचा खर्च माझ्याकडे!