नवी आवृत्ती घ्यावी, पण चालू कॅम्पेन संपल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे वठवत आणि फासे टाकत गटाने खेळायचा कथाखेळ. त्याच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीची तिन्ही सुधारित पुस्तके आता हाताशी आहेत. खेळाडूंचे पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये आले, डंजन मास्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे राक्षसांचे पुस्तक, फेब्रुवारी २०२५ मध्ये. तेव्हापासून आमच्या गटात एक प्रश्न वरचेवर निघतो: बऱ्याच काळापासून चालू असलेले आमचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत खेळली जाणारी सलग कथा, २०१४च्या नियमांवरच पुढे न्यायचे, की नव्या नियमांवर आणायचे? गटाचा डंजन मास्टर मी असल्यामुळे यावर पहिले मत मी मांडावे, अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. नवे नियम बहुतेक ठिकाणी मला अधिक चांगले वाटतात, आणि तरीही चालू कॅम्पेन जुन्याच नियमांवर पूर्ण करावे असे माझे मत झाले आहे.

नव्या नियमांचे गुण आधी सांगायला हवेत, कारण त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या ड्रुइडचे, म्हणजे निसर्गाची जादू वापरणाऱ्या पात्राचे, ‘कॉन्जर अ‍ॅनिमल्स’ हे स्पेल (मंत्र) घ्या. जुन्या नियमांनुसार त्यातून आठ लांडगे मैदानात उतरवता येतात. शत्रूच्या शेजारी आपला साथीदार असला की लांडग्याला हल्ल्यात अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. त्यामुळे आठ हल्ल्यांसाठी वीस बाजूंचा फासा सोळा वेळा टाकायचा, लागलेल्या प्रत्येक चाव्याचे नुकसान मोजायचे आणि शत्रू खाली पडतो का हे पाहण्यासाठी त्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासाही, घ्यायचा. हे सगळे एकाच खेळाडूच्या एका पाळीत होते आणि बाकीचे तोपर्यंत वाट पाहत बसतात. नव्या पुस्तकात त्याच स्पेलने प्राण्यांचा एक मायावी कळप उभा राहतो. त्याच्या दहा फुटांच्या आत शत्रू सापडला की त्याने एक सेव्हिंग थ्रो करायचा, आणि तो चुकला की दहा बाजूंचे तीन फासे टाकून नुकसान ठरवायचे. लढाईचा वेग एवढ्या एका बदलाने किती वाढेल, हे ज्याने ड्रुइडसोबत खेळ चालवला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

थकव्याचा नियमही असाच सुटसुटीत झाला आहे. पूर्वी थकव्याच्या सहा पायऱ्यांना सहा निरनिराळे परिणाम होते आणि प्रत्येक वेळी तक्ता उघडावा लागे. आता प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशातून दोन वजा करायचे आणि वेग पाच फुटांनी कमी करायचा, एवढेच लक्षात ठेवायचे. सहाव्या पायरीला मृत्यू पूर्वीसारखाच आहे. योद्ध्यांना शस्त्रांवरील प्रभुत्वाचे नियम मिळाल्यामुळे कोणते शस्त्र हाती घ्यावे, या निवडीला आता खरे वजन आले आहे, आणि ‘क्युअर वूंड्स’सारखी उपचाराची स्पेल्सही अधिक ताकदवान झाली आहेत.

माझी अडचण आमच्या पॅलाडिनपाशी, म्हणजे दैवी शक्ती वापरणाऱ्या योद्ध्यापाशी, सुरू होते. २०१४च्या नियमांत ‘डिव्हाइन स्माइट’ ही पॅलाडिनची अंगभूत शक्ती आहे. वार लागला की स्पेल स्लॉट (जादूच्या मर्यादित साठ्यातला एक वाटा) खर्च करून तेजाचे जादा नुकसान करता येते, आणि एका पाळीत दोन वार लागले तर दोन्हींवर ती वापरता येते. २०२४च्या पुस्तकात तिचे स्पेल झाले असून ते टाकायला बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती, लागते, त्यामुळे एका पाळीत एकच स्माइट होतो. शिवाय ते मंत्रोच्चाराने टाकायचे स्पेल असल्यामुळे आवाज बंद करणाऱ्या ‘सायलेन्स’ स्पेलच्या घेऱ्यात ते चालत नाही, आणि शत्रूपक्षाचा जादूगार ‘काउंटरस्पेल’ने ते अडवूही शकतो. नव्याने पॅलाडिन घेणाऱ्याला हा बदल समतोल वाटेल, मलाही तो समतोल वाटतो. पण आमच्या खेळाडूने आपले पात्र त्या दोन वारांभोवती उभे केले आहे. स्लॉट साठवून ठेवायचे, सगळे मागे हटले असताना एकट्याने पुढे व्हायचे आणि एका पाळीत सगळे उधळून टाकायचे, हा त्याचा स्वभावच झाला आहे, आणि आमच्या कथेतील कितीतरी वळणे त्या स्वभावामुळे घडली आहेत. नियम मधूनच बदलला, तर नाव आणि चेहरा तोच राहील, पण संकटात तो वेगळा वागू लागेल, आणि त्या वागण्याला कथेत काहीच कारण नसेल.

आपल्या छंदाचा इतिहास पाहिला तर या प्रश्नावर खेळणाऱ्यांनी नेहमीच आपापले उत्तर शोधले आहे. तिसरी आवृत्ती २०००मध्ये आली आणि तिची सुधारित ३.५ आवृत्ती २००३मध्ये. पुढे २००८मध्ये चौथी आली, तेव्हा पुष्कळ गटांनी जुनी घडी सोडली नाही, आणि २००९मध्ये पायझो या प्रकाशनसंस्थेने त्याच घडीवर उभा केलेला पाथफाइंडर हा स्वतंत्र खेळ त्यांच्यापैकी अनेकांनी आपलासा केला. नवे पुस्तक आले म्हणून जुने पुस्तक निकामी होत नाही. आमची जुनी पुस्तके वापरून मऊ झाली आहेत, पण त्यांतला प्रत्येक नियम आजही चालतो.

दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी जुळतात, तेव्हा ज्याला हवे त्याने नवे पात्र वापरावे आणि बाकीच्यांनी जुने, असाही एक प्रस्ताव आमच्यात आला होता. तो मला पटत नाही. एकाच नावाचे स्पेल दोन खेळाडूंच्या हातून दोन तऱ्हांनी चालू लागले की प्रत्येक पाळीला कोणते पुस्तक उघडायचे, हा वाद ठरलेला, आणि तो मिटवण्यात खेळाचाच वेळ जाईल.

म्हणून गटापुढे माझा प्रस्ताव असा आहे. हे कॅम्पेन त्याच्या शेवटापर्यंत २०१४च्या नियमांवर न्यावे. थकव्याचा नवा नियम मात्र आताच स्वीकारावा, कारण तो सगळ्यांना सारखाच लागू होतो आणि कोणाच्याही पात्राची ओळख त्याने बदलत नाही. कळपाचे नवे स्पेल घ्यायचे की लांडगेच ठेवायचे, हे ड्रुइडच्या खेळाडूने ठरवावे. तिने लांडगे ठेवले तर त्यांचे फासे आपण सगळे वाटून टाकू. पुढचे कॅम्पेन मात्र पहिल्या लेव्हलपासून पूर्णपणे २०२४च्या नियमांवर खेळायचे आहे, आणि ते चालवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी खेळाडूंचे नवे पुस्तक मी आतापासूनच सगळ्यांच्या हाती फिरते ठेवणार आहे.